पेशंटमामांची तालीम

मामांची तब्येत ठणठणीत होती. दात सगळे स्वतःचे, चष्मा नाही, आणि जिना चढताना शेजारची तरुण मंडळी धापा टाकत असत तेव्हा मामा शीळ घालत वर पोचलेले असत. तरी सगळी गल्ली त्यांना ‘पेशंट’ म्हणायची. इस्त्रीचा शर्ट घालून ते निघाले की कोपऱ्यावरचा दुकानदार आतूनच ओरडायचा, “काय पेशंट, आज काय दुखतंय?” मामा कंबरेवर हात ठेवून कळवळायचे आणि म्हणायचे, “आज मूतखडा. उद्या बायको आजारी पडणार आहे, बिचारीचं काही खरं नाही.” मामांचं लग्नच झालेलं नव्हतं, त्यामुळे हा विनोद दुकानदाराला कधी जुना वाटला नाही.

कामच तसं होतं त्यांचं. शहरातल्या मोठ्या वैद्यकीय कॉलेजात प्रवेशाच्या मुलाखती होत, आणि त्यात एका खोलीत एक खोटा पेशंट बसवलेला असे. उमेदवाराने आत यायचं, समोरच्या माणसाशी बोलायचं, घंटा झाली की बाहेर पडायचं. कोपऱ्यात एक परीक्षक डॉक्टर भिंतीचाच भाग असल्यासारखे गप्प बसलेले असत. उमेदवार गेला की ते मामांकडे वळत आणि एकच विचारत, “यांच्याकडे परत जाल का?” मामांनी हो म्हणायचं किंवा नाही म्हणायचं. त्या हो-नाहीला तिथे बरंच वजन होतं. मुलाखती नसत तेव्हा आत आलेल्या विद्यार्थ्यांच्या परीक्षांना हेच काम चाले.

मामा मूळचे नाटकवाले. म्हणजे त्यांच्या मते. नाटक कंपनीत त्यांच्या वाट्याला दारं उघडणं, तबक आणून ठेवणं आणि ‘साहेब, पाहुणे आलेत’ एवढं म्हणणं यापलीकडे फारसं काही आलं नाही. एकदा तर पूर्ण अंक त्यांनी प्रेत म्हणून काढला, आणि त्या प्रयोगाला नातेवाइकांना बोलावलं होतं. कंपनी बुडाली. मग चपलांच्या दुकानात लोकांच्या पायांशी बसून वर्षं गेली. आणि केस पांढरे झाल्यावर कुणाच्या तरी ओळखीने हे काम मिळालं. इथे पडदा नव्हता, टाळी नव्हती, पण मुख्य भूमिका होती. येणारा प्रत्येक जण फक्त मामांकडे बघायचा. माणसाला आणखी काय हवं असतं!

या कॉलेजात जायला काय लागतं, असं कुणी विचारलं की मामा खुर्ची पुढे ओढून बसत. मार्क लागतात, पण मार्कांचं तिथे कुणाला कौतुक नाही, कारण कमी मार्कांचं कुणी त्या रांगेत उभंच नसतं. वृद्धाश्रमात जाऊन म्हाताऱ्यांना पेपर वाचून दाखवल्याचं प्रमाणपत्र लागतं. पोहण्याचं पदक असलं तर बरं. एखादं वाद्य वाजवता आलं तर आणखी बरं, म्हणजे बोटं चांगली आहेत असं दिसतं. आणि डॉक्टर का व्हायचंय याला असं उत्तर लागतं, की जे आधी कुणी दिलेलं नसेल पण ऐकून कुणी दचकणारही नाही. हे सगळं जुळलं, की शेवटची गाठ मामांशी.

“आणि तुम्ही काय बघता?” दुकानदार विचारायचा.

“माया,” मामा म्हणायचे. “माया दिसली पाहिजे.”

दिसली पाहिजे, असं ते म्हणत. यातच सगळं आलं, पण तेव्हा कुणाच्या लक्षात आलं नाही. मामा नट होते, आणि नटाला समोरच्याचा अभिनय कळतो तसं दुसरं काही कळत नाही. एखादी मुलगी बरोबर योग्य जागी थांबायची, एखादा मुलगा पाण्याचा ग्लास अलगद पुढे सरकवायचा, आवाज नेमका अर्ध्या पट्टीने खाली आणायचा, की मामा आतून वाहवा करत आणि बाहेरून हो म्हणत. एखादं पोर घामाघूम होऊन अडखळलं, तर त्याची दया येई पण नाही म्हणत. मामांच्या मते ते पोर पाठांतर न करता रंगमंचावर आलं होतं.

मामा राहत बहिणीकडे. ताई पडदे शिवायची. लोकांच्या खिडक्यांचे, दुकानांचे, हॉटेलांचे. घरात पुढच्या खोलीत मशीन, आणि कापडाचे तागे भिंतीला इतके टेकलेले की त्या खोलीत बोललेलं शेजारी जात नसे. ताईचा नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा, तो जाऊन बरीच वर्षं झाली होती. मागे राहिली मुलगी. तिला घरात आणि बाहेर सगळे ‘इन्स्पेक्टर’ म्हणत. लहानपणी पाहुण्यांच्या पिशव्या उघडून बघायची सवय होती म्हणून ते नाव पडलं, आणि मोठेपणी ती माणसांना तशी उघडून बघायला लागली म्हणून टिकलं.

पोरीच्या जिभेला हाड नव्हतं. खालच्या मजल्यावरच्या काकू पायावर सूज घेऊन जिन्यात भेटल्या, तर या बाईसाहेब वाकून त्यांचा घोटा बोटाने दाबणार आणि म्हणणार, “खड्डा पडतोय, काकू. मीठ खाताय. नाही म्हणू नका, तुमच्या पिशवीत लोणच्याची बरणी आहे.” काकू आठवडाभर फुगून बसल्या. पण मग स्वतःच डॉक्टरकडे गेल्या, औषध घेऊन आल्या, आणि पुढे चिठ्ठीवरचं काही कळलं नाही की ताईकडे न येता सरळ इन्स्पेक्टरकडे यायला लागल्या.

डॉक्टर व्हायचं हे तिने बापाच्या आजारपणात ठरवलं होतं. बापाच्या पोटात काय वाढतंय ते दवाखान्यातल्या सगळ्यांना ठाऊक होतं, फक्त बापाला आणि या घराला नव्हतं. त्यांचे डॉक्टर फार गोड माणूस. खांद्यावर हात ठेवायचे, “काळजी करू नका, बघू या,” म्हणायचे. बाप शेवटपर्यंत पुढच्या महिन्याच्या कामाच्या गोष्टी करत होता. पोर तेव्हा शाळेत होती. पुढे मुलाखतीत तिला विचारलं, तुम्हाला डॉक्टर का व्हायचंय, तर ती म्हणाली, “मला आजारांचा राग येतो. आणि माणसांपासून लपवणाऱ्यांचा त्याहून जास्त येतो.” हे तिने घरी येऊन सांगितलं तेव्हा मामांनी कपाळावर हात मारून घेतला.

ती तिची दुसरी खेप होती. पहिल्या खेपेला लेखी परीक्षेतच थोडक्यात राहिलं होतं. कॉलेजचा नियम असा, की तीनदा बसता येतं, नंतर दार बंद. आणि दुसरीकडे कुठे जायचं म्हटलं तर तिथली फी भरायला ताईने शहरातल्या सगळ्या खिडक्या झाकल्या असत्या तरी जमलं नसतं. तेव्हा जे काही होतं ते इथेच.

“आणि पेशंटच्या खोलीत काय केलंस?” मामांनी विचारलं होतं. अशा खोल्या दोन-तीन असत, आणि ते स्वतः त्या दिवशी दुसऱ्या खोलीत होते. नात्यातला उमेदवार आपल्या खोलीत येऊ द्यायचा नाही, हा नियम त्यांनी पाळला होता.

“एक बाई होत्या. डोकं दुखतं, आणखी जोरदार गोळ्या द्या म्हणाल्या. मी म्हटलं, सध्या किती खाता ते खरं सांगा. मी रागावणार नाही, पण खोटं बोललात तर मला तुमच्यासाठी काहीच करता येणार नाही.”

“असं म्हणालीस? आल्या आल्या?”

“मग काय करू? गोळ्यांनीच डोकं दुखत होतं त्यांचं. कपाळावर लिहिलेलं होतं.”

“अगं, आधी बसायचं, विचारपूस करायची, जरा हळहळायचं! पेशंट म्हणजे काय चोर आहे का गोळ्या मोजून घ्यायला?”

त्या वर्षी ती प्रतीक्षा यादीत लागली. वर्ग सुरू होईपर्यंत ती यादी सरकत राहिली, सरकत सरकत तिच्या नावापाशी आली आणि तिथेच थांबली. घरात मशीन चालूच राहिलं. ताईला वाईट वाटलं की ती जास्त शिवते.

आणि मामांच्या डोक्यात एकच गोष्ट पक्की बसली. मार्कांत पोर कमी नाही, अक्कल तर इतरांना वाटून उरेल इतकी आहे. अडलं कुठे, तर त्या एका खोलीत. आणि ती खोली म्हणजे मामांचं राज्य. आपल्या घरात वैद्य असावा आणि आपलंच माणूस औषधावाचून जावं, तसं झालं की हे! तिसऱ्या खेपेसाठी पोरीला मीच तयार करणार, असं त्यांनी जाहीर केलं.

इथे एक अडचण होती. बाहेर कुणाला काही शिकवणार नाही, असं मामांनी कॉलेजला लिहून दिलेलं होतं. त्यावर त्यांनी स्वतःपुरती तोड काढली. “प्रश्न सांगितले तर गुन्हा,” ते ताईला म्हणाले. “मी प्रश्न कुठे सांगतोय? मी फक्त तिचा सूर लावून देतोय.”

दुपारी ताईचं मशीन बंद ठेवून तालीम सुरू झाली. मामा ताग्यांच्या मधोमध खुर्ची टाकून बसत आणि हां हां म्हणता आजारी पडत. कधी छातीत कळ आलेला माणूस, कधी पाय कापू न देणारा म्हातारा, कधी बायकोचा रिपोर्ट हातात धरून बसलेला नवरा. इन्स्पेक्टर दारातून आत येई.

“थांब,” मामा कळ बाजूला ठेवून म्हणत. “आलीस ती पोलिसासारखी. हळू ये. आधी श्वास घे. मग माझ्याकडे बघ. मग जरा खाली बघ. मग बोल.”

“खाली कशाला?”

“तुला जड जातंय म्हणून.”

“मला जड कुठे जातंय? तुझ्या छातीत कळ आलीय, मला घाई आहे. मी फरशी बघत बसले तर तू मरशील.”

ताई पोट धरून हसली. मामाही हसले. पण दुसऱ्या दिवशी पुन्हा खुर्ची टाकली.

खरं सांगायचं तर मामा त्या महिन्यांत जितके सुखी होते तितके कधीच नव्हते. नाटक कंपनीत त्यांना कुणी काही शिकवलं नाही आणि त्यांच्याकडून कुणी काही शिकलं नाही. आता एक हुशार पोर त्यांच्या तोंडाकडे बघत होती. वाक्य संपल्यावर लगेच दुसरं बोलायचं नाही, मधे जागा सोडायची. मान एवढीच कलती करायची, जास्त केली तर कोंबडीसारखी दिसते. ‘समजतं’ म्हणायचं नाही, ‘समजू शकते’ म्हणायचं, म्हणजे समोरच्याचं दुःख मोठं राहतं. मामा आंघोळ करताना नवी वाक्यं जुळवत आणि ओल्या डोक्यानेच सांगायला येत.

पोर सुरुवातीला वाद घालायची. मग वाद कमी झाले. दुसऱ्या खेपेच्या त्या यादीने तिचीही हिंमत खचली होती. आपण जशा आहोत तशा तिथे चालत नाही, हे तिला पटत चाललं होतं, आणि पटवून देणारा घरातलाच, मायेचा माणूस होता. बाहेरच्या कुणी सांगितलं असतं तर तिने त्याला जिन्यावरून खाली पाठवला असता.

एका दुपारी मामा बायकोचा रिपोर्ट घेऊन बसले होते. इन्स्पेक्टर आली. थांबली. बघितलं, खाली बघितलं. “ऐकताना तुम्हाला किती त्रास होत असेल, याची मी फक्त कल्पना करू शकते,” ती म्हणाली, आणि पुढे इतकी बरोबर जागा सोडली की मामांच्या डोळ्यांत खरोखरचं पाणी आलं. त्यांची नसलेली बायको त्या क्षणी त्यांना आहेशी वाटली आणि जाणार याचं दुःखही झालं. ते उठून टाळ्या वाजवायला लागले.

ताई आतल्या दारात उभी होती. ती काही हसली नाही.

“काय गं, कसं झालं?” मामांनी विचारलं.

“चांगलं झालं,” ताई म्हणाली. “पण मला भीती वाटली. ह्यांचे ते डॉक्टर असंच बोलायचे.”

“ते खोटं होतं ताई. ही खरी आहे.”

“मला ऐकताना दोन्ही सारखंच वाटलं,” ताई म्हणाली आणि मशीनवर जाऊन बसली. मामांना वाटलं, हिला नाटकातलं काय कळतंय.

मुलाखतीच्या दिवशी मामांनी कामावर ताप आल्याचं कळवलं. पेशंट आजारी पडला म्हणून तिकडे सगळे हसले असणार. मामा घरातल्या घरात येरझाऱ्या घालत राहिले, ताई चिडून म्हणालीही, “एका जागी बस, नाहीतर तुझ्या पायातच पडदा शिवून टाकीन.” दुपारी पोर आली. तिच्या तोंडावरून काही कळेना.

“कसं झालं?”

“छान झालं.”

“पेशंटच्या खोलीत?”

“तू सांगितलंस तसं सगळं केलं,” ती म्हणाली, आणि बुटांसकट पलंगावर आडवी झाली ती संध्याकाळपर्यंत उठली नाही. दमली असेल, मामा म्हणाले.

निकाल लागला. तिचं नाव यादीत नव्हतं. प्रतीक्षा यादीतही नव्हतं. मामांनी ती यादी वरून खाली, खालून वर इतक्या वेळा सरकवली की शेवटी पोरीनेच त्यांच्या हातातून फोन काढून घेतला. ताईचा मशीनवरचा पाय थांबेना. तीन खेपा संपल्या होत्या. दार बंद झालं होतं, आणि ते पुन्हा उघडण्यासाठी जगात कुठे अर्ज करायची सोय नव्हती.

घरी बसून काय करणार म्हणून पोरीने नोकरी धरली. आजारपणाचे विमे उतरवणारी एक कंपनी होती, तिथे फोनवर बोलायचं काम. ज्यांचे दावे कंपनीने नामंजूर केलेत ते लोक फोन करत, त्यांना ते नीट समजावून सांगायचं. मुलाखतीत तिला दोन वाक्यं बोलून दाखवायला सांगितली आणि तिथल्या तिथे घेतली. असा आवाज शिकवून येत नाही, असं तिथल्या बाई म्हणाल्या म्हणे. घरूनच काम. आतल्या खोलीत टेबल, कानावर तो हेडफोन, आणि दार लावून घेतलेलं.

मामा कामावर परत गेले. मन लागत नव्हतं, पण पोट कुणाला सुटलंय! एका दुपारी परीक्षा आटोपल्यावर ते चहाला बसले, आणि समोर येऊन बसल्या रडूबाई. या मामांच्या जोडीच्या कलाकार. रडण्याच्या भूमिका सगळ्या त्यांच्याकडे, म्हणून हे नाव. एरवी बाई इतक्या हसऱ्या, की रडतानाचा चेहरा त्यांच्यावर कुठून येतो याचं सगळ्यांना नवल वाटे.

“यंदा मला एक गोष्ट फार लागली बघा,” रडूबाई म्हणाल्या. “गेल्या वर्षी एक मुलगी आली होती माझ्याकडे. मी डोकेदुखीवाली होते. आली, बसली, आणि गोळ्या किती खाता म्हणाली. खोटं बोललात तर मला काही करता येणार नाही म्हणाली. मी पुढचं वाक्यच विसरले! इतकी वर्षं तिथे बसतेय, पण पहिल्यांदा कुणीतरी माझ्याशी बोललं. मी त्या डॉक्टरांना म्हटलं, परत जाईन का काय विचारता, आत्ताच पत्ता द्या तिचा.”

मामांच्या हातातला कप तसाच राहिला.

“यंदा ती पुन्हा आली,” रडूबाई म्हणाल्या. “मला इतका आनंद झाला. म्हटलं आता घेतात हिला. मी पेशंटची मुलगी होते, वडिलांचं ऑपरेशन कॉलेजच्या दवाखान्याच्याच चुकीने लांबलंय आणि ते तिने मला सांगायचं, असं होतं. तर ती थांबते काय, खाली बघते काय! म्हणे कल्पना करू शकते. अहो, चूक झाली हे शेवटपर्यंत तोंडातून काढलं नाही तिने, नुसती गोंजारत राहिली. मधेच मला वाटलं, समोर तुम्हीच बसलाय की काय. तुम्ही थांबता ना वाक्यानंतर, अगदी तस्सं. कुठल्या क्लासवाल्याने वाट लावली त्या पोरीची देव जाणे.”

“मग तुम्ही काय सांगितलंत?” मामांनी विचारलं.

“काय सांगणार? नाही म्हटलं.”

ती माझी भाची, असं सांगावं हे ओठांपर्यंत आलं, पण सांगून काय होणार होतं. रडूबाईंनी बिस्किटाचा पुडा पुढे केला. मामांनी एक उचललं आणि हातात धरून बसून राहिले.

घरी जाताना कोपऱ्यावरून नेहमीची हाक आली, पण मामा तसेच पुढे गेले. दुकानदाराला वाटलं नवी भूमिका असेल. जिन्यात मामांना पहिल्यांदाच कठडा धरावा लागला. त्यांना एवढंच कळत होतं की पोर गेल्या वर्षी दाराच्या आत एक पाऊल टाकून उभी होती आणि आपण तिला मायेने हाताला धरून बाहेर आणलं.

आतल्या खोलीचं दार त्यांनी हळूच लोटलं. पोर फोनवर होती. तिने मामांना हाताने थांबायची खूण केली.

“ऐकताना तुम्हाला किती त्रास होत असेल,” ती फोनमध्ये म्हणाली, “याची मी फक्त कल्पना करू शकते.” मग ती थांबली. अगदी बरोबर थांबली. “पण हा खर्च आपल्या योजनेत बसत नाही. हो. हो ना. मिसेसना लवकर बरं वाटू दे.” तिने बटण दाबलं आणि हेडफोन गळ्यात ओढला.

“मला आज कळलं,” मामा म्हणाले. “गेल्या वर्षी तुझं बरोबर होतं. त्या बाईंनी हो म्हटलं होतं तुला. मी घालवलं तुझं. मी शिकवलं म्हणून गेलं.”

पोर काही दचकली नाही.

“मला तिथेच कळलं होतं,” ती म्हणाली. “त्याच बाई होत्या ना. मी आत आले तेव्हा हसल्या होत्या माझ्याकडे बघून. मी बोलायला लागले आणि त्यांचं हसू गेलं. मला दिसत होतं, मामा. म्हटलं, थांबावं आणि सरळ सांगावं, की चूक आमची आहे. पण मला माझं बोलणं आठवेचना. तोंड उघडलं की तुझंच वाक्य यायचं.”

“मग मला बोलली का नाहीस? शिव्या द्यायच्यास. घर डोक्यावर घ्यायचंस!”

“काय उपयोग होता?”

“अगं पण आता तरी रागव की माझ्यावर,” मामा म्हणाले, आणि रडायला लागले. या रडण्यात कसब काही नव्हतं. नाक वाहत होतं आणि ते बाहीला पुसत होते.

पोर त्यांच्याकडे बघत राहिली. मग तिने गळ्यातल्या हेडफोनला हात लावला.

“आत्ता जो माणूस होता ना,” ती म्हणाली, “त्याच्या बायकोचे उपचार थांबणार आहेत. मी त्याला नाही म्हटलं. आणि तो मला थँक्यू म्हणाला. मॅडम, तुम्ही किती चांगलं बोललात म्हणाला. सगळेच म्हणतात. एकजणही भांडत नाही माझ्याशी. माझ्या आधी हे काम करणाऱ्या मुलीला लोक शिव्या द्यायचे, वर तक्रारी करायचे, त्यातल्या काहींना पैसे मिळायचेसुद्धा. माझ्या फोननंतर कुणी तक्रारच करत नाही.”

फोन पुन्हा वाजायला लागला. तिने हेडफोन कानावर चढवला.

“तू फार चांगलं शिकवलंस, मामा,” ती म्हणाली.

हा टोमणा असता तर मामांनी तो जन्मभर आनंदाने सोसला असता. पण टोमणा नव्हता. पोरीने मान थोडी कलती केली होती, आवाज हवा तेवढा खाली आणला होता, आणि ती त्यांचं सांत्वन करत होती.